परसातल्या खेळाचा पंप

परसात मुलांच्या खेळासाठी पाणी फिरवायला फार थोडी ताकद लागते. तासाला सहाशे लिटर पाणी एक मीटर उंच चढवण्याचे निव्वळ काम पावणेदोन वॅटच्या आत होते. लहान पंपांची कार्यक्षमता जेमतेम दहा टक्के असते, म्हणून प्रत्यक्षात पंधरा ते अठरा वॅट वीज खर्च होते. तरीही हा आकडा घरातल्या एखाद्या मोठ्या एलईडी दिव्याएवढाच आहे. हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी अर्ध्या अश्वशक्तीची मोटर मात्र ३७३ वॅटची असते आणि शेतातल्या विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटर ३,७३० वॅटची. खेळाला लागणारी ताकद आणि हाताशी असलेली ताकद यांत वीसपट ते दोनशेपट तफावत पडते, आणि परसातल्या पाण्याच्या खेळातले बहुतेक धोके या तफावतीतून येतात. पंप निवडताना ‘केवढा मोठा घ्यावा’ हा शेतीतला नेहमीचा प्रश्न इथे उलटा करावा लागतो: किती लहान पुरेल?

परभणी-जिंतूर रस्त्यावरचे बोरी हे जिंतूर तालुक्यातले मोठे गाव. काळी जमीन, तिच्याखाली बेसाल्टचा खडक, आणि मे महिन्यात ४२-४४ अंशांपर्यंत चढणारा पारा, हे इथले वास्तव. ऊन उतरले की परसातल्या टाक्यापाशी, न्हाणीच्या पाटापाशी पोरे जमतात आणि घरात जी मोटर मोकळी असेल ती खेळात ओढली जाते. अशा गावात एका कुटुंबाकडे चार-पाच तऱ्हेचे पंप सहज निघतात: कूलरची मोटर, घरची मोनोब्लॉक, बोअरमधली समर्सिबल, फवारणीचा बॅटरी पंप, आणि घराजवळ सार्वजनिक हापसा. यांतला एकही मुलांच्या खेळासाठी बनवलेला नाही.

आधी खेळ कोणता ते ठरवावे, कारण पंपाचा आकार त्यावरून ठरतो. परसात तीन प्रकारचे खेळ चालतात. पहिला कारंज्याचा. सहा मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मीटरभर उंच धार उडवायची तर तासाला साधारण साडेचारशे लिटर पाणी पुरते. दुसरा धबधब्याचा: पत्र्याच्या पन्हाळीवरून किंवा उभ्या चिरलेल्या पाइपातून पाणी खाली सोडायचे आणि त्याखाली डबे, चाके, कागदी होड्या लावायच्या. त्याला उंची कमी लागते, पाणी थोडे जास्त.

तिसरा खेळ शेतकऱ्यांच्या मुलांचा खास आपला आहे: दारं धरणं. मातीत पाट काढायचा, त्याला सऱ्या जोडायच्या, एका वाफ्याचे दार फोडायचे आणि दुसऱ्याचे बुजवायचे. मोठी माणसे रात्री-अपरात्री शेतात जे करतात त्याची ही हुबेहूब नक्कल, आणि पाण्याचा उतार, वेग, झिरप या गोष्टी शिकवण्यात तिला तोड नाही. काळ्या मातीत हा खेळ विशेष रंगतो. उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन पहिली दहा-पंधरा मिनिटे सगळे पाणी गिळून टाकते आणि वाफ्यापर्यंत थेंब पोहोचत नाही. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि तेच पाणी वरून वाहू लागते. काळ्या मातीतली मॉन्टमोरिलोनाइटसारखी चिकणखनिजे पाणी शोषून फुगतात, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य मुलांना इथे डोळ्यांनी दिसते. या खेळाला धार मंद हवी. तासाला तीनशे ते पाचशे लिटर. त्याहून जोराची धार बांधच वाहून नेते आणि खेळ संपतो. मात्र तीच फुगलेली माती साबणासारखी निसरडी होते, म्हणून पाट फरशीपासून आणि दगडी पायऱ्यांपासून लांब काढावा.

तिन्ही खेळांना दोन मीटर उंचीचा आणि तासाला हजार लिटरच्या आतला पंप भरपूर होतो. डब्यावरचे आकडे वाचताना एक गोम लक्षात ठेवावी. ‘कमाल उंची’ आणि ‘कमाल प्रवाह’ हे दोन्ही आकडे एकाच वेळी मिळत नाहीत. पंप पूर्ण उंचीवर पाणी ढकलतो तेव्हा प्रवाह शून्य असतो, आणि पूर्ण प्रवाह मिळतो तो उंची शून्य असताना. म्हणून मीटरभर उंचीच्या कारंज्यासाठी दोन मीटर लिहिलेला पंप घ्यावा. लांब आणि अरुंद नळी जोडली की धार आणखी मरते. पंप बदलण्याआधी नळी आखूड करून पाहावी.

हाताशी असलेल्या पंपांपैकी फवारणीचा पंप सर्वांत आधी बाद करावा. कपाशी, तूर, सोयाबीनवर फवारणी करणारा बारा व्होल्टचा पाठीवरचा पंप घरोघर दिसतो. तो हलका असतो, बॅटरीवर चालतो, शॉक देत नाही, आणि मुलांना पिचकारीसारखा वाटतो. पण त्याच्या टाकीत, नळीत आणि पडद्याच्या पंपात कीटकनाशकाचा अंश उरतोच. दोन-तीनदा खंगाळून तो जात नाही. ही औषधे अंगावाटेही शरीरात शिरतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि ती मोठी माणसे होती. रंगपंचमीला असा पंप रंग उडवायला काढणे हा निव्वळ अविचार आहे. कोरा करकरीत पंप असला तरी त्याचा दाब खेळाच्या कामाचा नाही. पाच किलो दाबाला बारीक तोंडातून सुटणारी धार ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने निघते, आणि मूल तोंडाजवळ नळी धरते तेव्हा ती डोळ्यात जाते.

घरच्या मोनोब्लॉक मोटरीलाही हेच लागू. वीस मीटर उंचीचा दाब देणाऱ्या मोटरीच्या नळीचे तोंड अंगठ्याने दाबले की धार ताशी सत्तर किलोमीटरच्या वेगाने सुटते. मोनोब्लॉकला पाण्याबाहेर बसवायचे असते. तिच्या वेटोळ्यांवर पाणी उडणे अपेक्षितच नाही. शिवाय ती पाणी ओढते त्या बाजूचा विचार कोणी करत नाही. अडीच इंची पाइपाचे उघडे तोंड पाण्यात असेल आणि त्यावर तळहात किंवा पाठ चिकटली, तर सात मीटरच्या ओढीला सुमारे वीस किलोचे बळ तो भाग पाइपावर दाबून धरते. लहान मुलाला स्वतःहून सुटता येत नाही. लांब केस जाळीत गुंतणे त्याहून वाईट. म्हणून जिथे मुले उतरतात त्या पाण्यात फुटव्हॉल्व्हविना उघडा पाइप कधीही सोडू नये, आणि मोठी मोटर चालू असताना हौदात कोणालाही उतरू देऊ नये. शेतातल्या विहिरीत पोहायला जाणाऱ्या पोरांना हा नियम आधीच घालून दिलेला बरा.

सार्वजनिक हापसा वेगळ्या कारणाने बाद होतो. भारतातल्या खेड्यांत दिसणाऱ्या लोखंडी हापशाचे मूळ मराठवाड्याला जवळचे आहे. सुरुवातीचे ओतीव लोखंडाचे हातपंप एका घराच्या वापरासाठी आखलेले होते. पाचशे माणसांच्या गावात ते लगेच मोडत. जालन्यातल्या एका ख्रिस्ती मिशनने पोलादी डोक्याचा सुधारित पंप केला, त्यावरून सोलापुरात साखळी आणि बॉल बेअरिंग वापरणारा पंप तयार झाला, आणि त्या सोलापुरी पंपाच्या आधारे युनिसेफच्या साहाय्याने १९७०च्या दशकात ‘इंडिया मार्क-२’ घडला. त्याच्या सिलिंडरचा व्यास ६३.५ मिलिमीटर आणि दांड्याचा फेर १२५ मिलिमीटर, म्हणजे एका हापशाला चारशे मिलिलिटरच्या आत पाणी. चाळीस हापशांना साधारण पंधरा लिटर. तो खोल बोअरसाठी आहे आणि त्याचा दांडा जड आहे. सुटलेला दांडा वर उसळून हनुवटीला लागतो, आणि लटकणाऱ्या मुलांमुळे बेअरिंग खिळखिळे होते. गावाच्या पाण्याचे साधन खेळात मोडणे परवडत नाही.

हातानेच पाणी ओढण्याची हौस असेल तर बाजारात मिळणारा लहान ओढपंप घ्यावा. वातावरणाचा दाब पाण्याला जास्तीत जास्त दहा मीटर उचलतो आणि व्यवहारात सातच, त्यामुळे बोरीतल्या बोअरवर असा पंप चालणार नाही. पण दोनशे लिटरच्या ड्रमवर तो उत्तम चालतो. ड्रमचे तोंड झाकणाने बंद करून त्यातून फक्त पाइप आत सोडावा. वॉशर कोरडा पडला की पंप हवा ओढतो. वरून तांब्याभर पाणी ओतले की पुन्हा धरतो. मुले स्वतःच्या अंगच्या जोराने पाणी काढतात, त्यामुळे पाणी वाया जात नाही, वीज लागत नाही आणि दमणूक झाली की खेळ आपोआप थांबतो. पाच-सात वर्षांच्या मुलांसाठी यापेक्षा चांगला पंप नाही. दांड्याच्या सांध्यात बोटे चेमटू नयेत म्हणून तिथे रबरी नळीचा तुकडा चढवावा, एवढीच दक्षता.

राहता राहिली कूलरची मोटर. अठरा-वीस वॅटची, दीड-दोन मीटर उंचीची ही मोटर आकाराने खेळाला अगदी बेताची आहे. ती काही शे रुपयांत मिळते आणि उन्हाळ्यात जिंतुरात किंवा परभणीत कुठल्याही विजेच्या दुकानात टांगलेली असते. म्हणूनच ती टपात टाकून कारंजे करण्याचा मोह सर्वांना होतो. अडचण एकच, पण ती गंभीर आहे: ही मोटर २३० व्होल्टवर चालते आणि मुलांचे हात त्याच पाण्यात असतात.

शॉक कसा लागतो हे समजले की काय टाळायचे ते आपोआप कळते. स्वस्त मोटरीला बहुधा दोनच पिन असतात; अर्थिंग नसते. वायरीवर चीर पडली किंवा सील झिजले की पाण्यात वीज उतरते. प्लॅस्टिकच्या टपात ती तशीच थांबून राहते, कारण तिला जमिनीत जायला वाट नसते. ती वाट ओल्या मातीत अनवाणी उभे राहून पाण्यात हात घालणारे मूल देते. ओल्या अंगाचा रोध हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. दहाच्या पुढे स्नायू आखडतात आणि पकड सुटत नाही. तीसच्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. मीटरजवळचा सोळा अँपिअरचा एमसीबी हे पाहतच नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो, आणि माणसाला मारायला त्याच्या क्षमतेचा एक शंभरांशही प्रवाह पुरतो.

अर्थिंग केले आहे, मग भीती कशाची, असे बोरीसारख्या गावात म्हटले जाते. तिथे काळी जमीनच दगा देते. मीठ-कोळसा घालून पुरलेला अर्थिंगचा पाइप पावसाळ्यात मातीला घट्ट धरून असतो. उन्हाळ्यात माती आकसते, पाइपापासून सुटते, आणि अर्थिंगचा रोध वाढतो, नेमका ज्या दिवसांत कूलर आणि पाण्याचे खेळ चालतात त्या दिवसांत. रोध पन्नास ओहम झाला तर दोषाचा प्रवाह २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर एवढाच होतो. सोळाचा एमसीबी पडत नाही आणि मोटरीच्या धातूच्या भागांत वीज तशीच उभी राहते. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओतावे, आणि त्यावर विसंबून न राहता घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत एवढा फरक पडला की तो क्षणाच्या आत पुरवठा तोडतो. त्यावरचे ‘टी’ लिहिलेले बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का ते पाहावे. बटण दाबून पडत नसेल तर तो शोभेचा आहे असे समजून बदलावा.

आरसीसीबी असला तरी २३० व्होल्टची मोटर मुलांच्या हाताखालच्या पाण्यात ठेवू नये, हा या प्रकरणातला सर्वांत ठाम सल्ला. आरसीसीबी शॉक थांबवतो, पण तो लागल्यावर. फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम स्पर्श झाला तर त्याला फरकच दिसत नाही. पोहण्याच्या तलावात पाण्यातल्या उपकरणांसाठी आंतरराष्ट्रीय विद्युत नियमांची कमाल मर्यादा १२ व्होल्ट एसी किंवा ३० व्होल्ट डीसी आहे. परसातल्या टपाला त्याहून सैल नियम लावण्याचे कारण नाही.

म्हणून घ्यायचा तो बारा व्होल्ट डीसीचा, ब्रश नसलेला, पाण्यात बुडणारा लहान पंप. त्यावर आयपी६८ किंवा आयपीएक्स८ अशी खूण असावी. आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे सोसणारा. त्याचा अडॅप्टर घराच्या आत, उंचावरच्या सॉकेटला राहील आणि बाहेर येईल ती फक्त बारा व्होल्टची वायर. अडॅप्टरवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा, कारण आतले विलगीकरण तकलादू असेल तर बाहेर बारा व्होल्ट येत असल्याचा भरवसा फोल ठरतो. सोपा मार्ग सौरपट्टीचा आहे. वीस वॅटची पट्टी पंपाला थेट जोडली की बॅटरीही नको आणि सॉकेटही नको. ढग आला की कारंजे बसते, ऊन आले की उठते. मुलांना ऊर्जेचे गणित समजावून सांगायची गरजच उरत नाही. ट्रॅक्टरची बॅटरी मात्र या कामाला लावू नये. तिच्या व्होल्टेजचा शॉक लागत नाही, पण दोन टोके चुकून जुळली तर वायर लालबुंद होते आणि आत तेजाब असते. लहान बॅटरी वापरायचीच तर दोन-तीन अँपिअरच्या फ्यूजसह, बंद डब्यात, पाण्यापासून दूर.

कूलरचीच मोटर वापरायची वेळ आली, तर ती मुलांपासून वेगळ्या ठेवलेल्या झाकणबंद बादलीत ठेवून फक्त नळीने पाणी खेळाकडे आणावे आणि खेळून झालेले पाणी बादलीत परत न आणता जमिनीत जिरू द्यावे. आरसीसीबीवाचून तेही नको. एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या मातीवर नसावा, टेप गुंडाळलेला जोड पाण्यात नसावा. लाईट गेली की प्लग काढून ठेवायचा. नाही तर कोणी जाळी साफ करत असताना लाईट येते आणि मोटर आपली चालू होते. शॉक लागलेल्या मुलाला हाताने ओढू नये. आधी मेन स्विच बंद करावा, तो लांब असेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर सारावी, आणि श्वास थांबला असेल तर छाती दाबत राहून १०८ ला फोन करावा.

विजेच्या भीतीपुढे पाण्याची भीती विसरली जाते. चालायला शिकलेले मूल वितभर पाण्यातही बुडू शकते, कारण तोंडावर पडल्यावर त्याला डोके उचलता येत नाही, आणि ते आवाजही करत नाही. टप घोट्याएवढाच भरावा, मोठे माणूस हाताच्या अंतरावर असावे आणि त्याच्या हातात मोबाइल नसावा. खेळ संपला की टप पालथा घालावा. हौदाला झाकण, आडाला जाळी असावी. परसात बंद पडलेले बोअर असेल तर त्याकडे आधी पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०१० रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोडून दिलेले बोअर जमिनीच्या पातळीपर्यंत माती-खडीने भरून काढणे मालकाचे काम आहे. तोंडावर पोते आणि दगड ठेवणे म्हणजे बंद करणे नव्हे.

मराठवाड्यात खेळाला पाणी किती द्यावे हा प्रश्नही सुटा काढता येत नाही. जल जीवन मिशनचे ग्रामीण भागासाठीचे माप माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. घरच्या मोटरीने तासभर नळी मोकळी सोडली तर दोनेक हजार लिटर जातात. ते छत्तीस माणसांचे एका दिवसाचे पाणी. टॅंकरची वाट पाहणाऱ्या गल्लीत हे शोभत नाही. फिरत्या पाण्यावर चालणाऱ्या कारंज्याला एकदाच चाळीस-पन्नास लिटर लागते. मे महिन्यात परभणीकडे दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उघड्या पृष्ठभागावरून उडून जाते, त्यामुळे खेळ सावलीत मांडावा. दारं धरण्याच्या खेळात पाणी परत येत नाही. तो पाट लिंबाच्या, शेवग्याच्या किंवा कढीपत्त्याच्या आळ्यात उतरवला तर झाडाला एरवी द्यायचेच पाणी खेळात वापरले जाते.

फिरते पाणी एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नये. त्यात माती, घाम, कधी शेण मिसळते आणि मुले ते तोंडात घेतातच. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आरोग्य खात्याचा आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ याच हिशेबाने ठरलेला आहे. टपासोबत पंपातले आणि नळीतले पाणीही काढून टाकावे.

पंप फार निगा मागत नाही. कोरडा चालला की तो काही मिनिटांत जळतो, म्हणून तो नेहमी पूर्ण बुडालेला असावा. मातीच्या खेळात त्याला जुन्या सुती कापडाची पिशवी घालावी. जाळी तुंबत नाही आणि बोटेही पंख्यापर्यंत पोहोचत नाहीत. बोअरच्या जड पाण्याचे क्षार कूलरच्या जाळीवर पांढरे दिसतात तसेच पंपाच्या पंख्यावरही बसतात. प्लग काढून, पंप लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरच्या पाण्यात तासभर ठेवला की ते सुटतात. पावसाळा लागला की पंप धुऊन, वाळवून, उंदरांच्या दातांपासून दूर डब्यात ठेवावा. पुढच्या उन्हाळ्यात तो पाण्यात सोडण्याआधी वायर टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपावी. कुठे चीर लागली तर तिथे टेप लावत बसू नये. नवा पंप आणावा.